गाठ लिंबाएवढी, मग आतडं हातभर का कापतात?

कोलोनोस्कोपीचा, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीचा रिपोर्ट येतो: सिग्मॉइड कोलनमध्ये ४ सेंटिमीटरची गाठ. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्यावर, कॅन्सर निघतो. सर्जन सांगतात, फूटभर आतडं काढावं लागेल. घरातला काथ्याकूट इथूनच सुरू होतो. ४ सेंटिमीटरसाठी फूटभर कशाला? मुंबईचा भाऊ फोनवर म्हणतो, रोबोटने करून घेऊ. वाडीतलं कोणी सांगतं, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. आईला एकच धास्ती, मळासाठी पोटाला पिशवी लागणार का. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं उत्तर एकाच गोष्टीकडे जातं: आतड्याच्या त्या भागाला रक्त कुठल्या धमनीतून येतं.

आधी आतड्याचा रस्ता

मोठं आतडं, म्हणजे कोलन, साधारण पाच फूट लांब असतं. पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे अपेंडिक्स असतं, तिथे ते सुरू होतं. उजवीकडून वर जातं, बरगड्यांखालून आडवं डावीकडे येतं, मग खाली उतरतं. शेवटी नागमोडी वळणाचा भाग येतो, तो सिग्मॉइड. त्यापुढचे १२ ते १५ सेंटिमीटर म्हणजे गुदाशय, अर्थात रेक्टम. रेक्टमच्या कॅन्सरचा हिशेब वेगळा आहे. तिथे जागा अरुंद, लघवीच्या नसा अगदी चिकटून, आणि बऱ्याचदा ऑपरेशनआधी रेडिएशन द्यावं लागतं. शेजारणीच्या नवऱ्याला पिशवी लागली म्हणून आपल्यालाही लागेल, ही भीती पुष्कळदा या दोहोंची गल्लत झाल्याने येते. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: गाठ कोलनमध्ये आहे की रेक्टममध्ये, आणि गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर?

उजव्या बाजूला मळ अजून पातळ असतो आणि आतड्याचा घेरही मोठा. त्यामुळे तिथली गाठ सहसा वाट अडवत नाही, तिच्यातून नुसतं रक्त झिरपत राहतं. हिमोग्लोबिन ७-८ वर येतं, पाखाडी चढताना दम लागतो, आणि माणूस सहा महिने लोहाच्या गोळ्या खात बसतो. पन्नाशीच्या पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी पडून पंडुरोग झाला, तर रक्त जातंय कुठून हे शोधलंच पाहिजे. डाव्या बाजूला मळ घट्ट आणि नळी अरुंद. तिथल्या गाठीमुळे कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, आणि मळातून रक्त. या रक्तावर मूळव्याधीचा शिक्का मारून चूर्णं घेण्यात जे महिने जातात, तेच पुढे महागात पडतात.

फूटभर का? वाडीच्या पाटावरून बघा

सुपारीच्या वाडीचं शिंपणं डोळ्यांसमोर आणा. विहिरीवरून मुख्य पाट निघतो, त्याला फाटे फुटतात, आणि एकेका फाट्यावर पाच-सहा पोफळींची आळी असतात. आता एका पोफळीला कीड लागली, आणि ही कीड फाट्याच्या काठाकाठाने उलटी विहिरीकडे सरकणारी आहे. नुसती ती पोफळ तोडून भागत नाही. फाटा मुख्य पाटाला जिथे मिळतो, तिथपर्यंतचा काठ खणून काढावा लागतो. फाटाच बुजला की त्यावरची बाकीची झाडं, निरोगी असली तरी, वाळणार. म्हणून तीही काढायची.

आतड्याच्या मागे चरबीचा एक पडदा असतो, त्याला मेझेंटरी म्हणतात. धमन्या या पडद्यातून येतात, आणि त्यांच्या कडेने लिम्फ नोड नावाच्या बारीक ग्रंथी असतात. कॅन्सरच्या पेशी आधी आतड्यालगतच्या नोडमध्ये, मग धमनीच्या कडेने मुळाकडे सरकतात. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही, कारण दोन-तीन मिलिमीटरचा साठा स्कॅन पकडत नाही. म्हणून सर्जन धमनी मुळाशी बांधतात आणि तिच्या वाट्याचा पडदा, त्यातले सगळे नोड आणि त्यावर जगणारं आतडं एकसंध काढतात. गाठीच्या दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर निरोगी आतडं जावं हा नियम आहेच. पण प्रत्यक्षात जास्त लांबी जाते ती धमनीमुळे.

ऑपरेशन नीट झालं का, हे घरच्यांनाही ताडून पाहता येतं. पॅथॉलॉजीच्या अंतिम रिपोर्टमध्ये किती लिम्फ नोड तपासले तो आकडा असतो. तो किमान १२ हवा. सहाच नोड पाहून 'एकातही कॅन्सर नाही' असं लिहिलं असेल, तर त्या 'नाही'वर फारसा भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी काढलेल्या भागातून आणखी नोड शोधता येतील का, हे विचारण्यात गैर काही नाही.

कुठे गाठ, कुठलं ऑपरेशन

गाठ उजवीकडे असेल तर राइट हेमिकोलेक्टोमी: लहान आतड्याचं शेवटचं टोक, उजवं कोलन आणि आडव्या कोलनचा थोडा भाग काढून लहान आतडं आडव्या कोलनला जोडतात. आडव्या भागात असेल तर हेच ऑपरेशन डावीकडे वाढवतात. डावीकडे असेल तर लेफ्ट हेमिकोलेक्टोमी. सिग्मॉइडमध्ये असेल तर तो भाग काढून वरचं टोक रेक्टमच्या वरच्या भागाला जोडतात. घराण्यातच दोष असेल, उदाहरणार्थ आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर कोंबासारख्या गाठी, उगवण्याचा आजार, तर जवळजवळ सगळं कोलन काढावं लागतं.

एवढं काढल्यावर पचन कसं होणार, असं विचारतात. अन्न पचवण्याचं आणि शोषण्याचं काम लहान आतड्याचं. कोलन मुख्यतः पाणी शोषतं आणि मळ साठवतं, आणि उरलेला भाग ते काम हळूहळू उचलतो. उजव्या ऑपरेशननंतर काही महिने दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौच होणं चालायचंच. त्याला गोळी असते, उपाशी राहण्याची गरज नाही.

एका परिस्थितीत पोट उघडावंच लागत नाही. कॅन्सर पॉलिपच्या टोकाशीच असेल, पॉलिप कोलोनोस्कोपीतून अखंड निघाला असेल, कापलेली कड किमान १ मिलिमीटर स्वच्छ असेल, पेशी फार बिघडलेल्या नसतील आणि रक्तवाहिनीत शिरलेल्या नसतील, तर तेवढ्यावर भागतं. पॉलिपचे तुकडे-तुकडे काढले असतील तर कड ठरवताच येत नाही, आणि मग ऑपरेशनचा सल्ला येतो. गाठ लहान असली की कोलोनोस्कोपीच्या वेळीच तिच्याशेजारी शाईची खूण करून घ्यायला हवी. ती नसेल तर पोटाच्या छोट्या भोकांतून घातलेल्या दुर्बिणीने आतडं बाहेरून पाहताना सर्जनला आतली गाठ दिसत नाही, आणि हाताने चाचपायची सोय दुर्बिणीत नसते.

खरी जोखीम कापण्यात नाही, जोडण्यात

दोन टोकं जोडली जातात, टाक्यांनी किंवा स्टेपलरने. दोन्ही पद्धती चालतात. जोड धरायला तीन गोष्टी लागतात: दोन्ही टोकांना भरपूर रक्त, जोडावर ताण नाही आणि पुढे वाट मोकळी. यातलं एक चुकलं की जोड गळतो. ठरवून केलेल्या कोलनच्या ऑपरेशनमध्ये शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणांत हे होतं, रेक्टममध्ये त्याहून जास्त. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप येतो, नाडी १००च्या वर जाते, पोट फुगतं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. बरा होत चाललेला माणूस अचानक मलूल झाला, हीसुद्धा खूण. लहान गळती अँटिबायोटिक आणि पू बाहेर काढणाऱ्या नळीवर निभावते. मोठी असेल तर पुन्हा पोट उघडून आतड्याचं तोंड बाहेर काढावं लागतं. घरी सोडल्यावर असं काही दिसलं तर गावच्या दवाखान्यात तापाची सुई टोचून वाट पाहू नका. जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी फोन करा.

गळतीची शक्यता रुग्णाच्या हातानेही कमी होते. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे जोडाला लागणारं रक्तच कमी पडतं. बिडी, तंबाखू आणि मिश्री निदान चार आठवडे आधी बंद हवी. मिश्रीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला कोकणातल्या कित्येक बायका नाही म्हणतात, आणि सकाळी दातांना मिश्री लावलेली असते. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देऊन ते वाढवतात, साखर ताब्यात आणतात. खाणं कमी झालेल्या माणसाला अंडी, मासे, डाळ दिवसातून दोनदा मिळालीच पाहिजे. कॅन्सरला मासळी वर्ज्य, हा समज इथे नुकसान करतो.

आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, ही पद्धतही मागे पडली आहे. वाट मोकळी असलेल्या रुग्णाला ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं आणि दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखं स्वच्छ पेय चालतं. दूध किंवा पेज त्यात बसत नाही. अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचा.

पिशवी लागणारच का?

कोलनच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना लागत नाही. लागते ती तीन प्रसंगी. आतडं पूर्ण अडलेलं किंवा फुटलेलं असेल तर सुजलेल्या, घाण झालेल्या पोटात जोड धरत नाही. अशा वेळी गाठीचा भाग काढून वरचं टोक पोटावर आणतात आणि खालचं शिवून आत ठेवतात. आँरी हार्टमन या फ्रेंच सर्जनने १९२१ साली ही पद्धत मांडली आणि ती आजही जीव वाचवते. दुसरा प्रसंग: जोड फार खाली, रेक्टमजवळ असेल तर तो भरेपर्यंत लहान आतड्याचं तोंड काही महिने बाहेर ठेवतात. तिसरा म्हणजे जोड गळल्यावर. पोटावरच्या या तोंडाला स्टोमा म्हणतात. बरेच स्टोमा तीन ते सहा महिन्यांनी किंवा केमोथेरपी संपल्यावर बंद करता येतात.

निरोगी स्टोमा लाल आणि ओला असतो, त्याला हात लावला तर दुखत नाही. जांभळा-काळा पडला तर लगेच डॉक्टर. पिशवीच्या चिकटपट्टीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं कापलं की उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ बसून ती सोलवटते. स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो, म्हणून दर आठवड्याला माप पुन्हा घ्यायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने पट्टी सुटते.

आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी लवकर सुटते. कातडी साध्या पाण्याने धुवा, टिपून पूर्ण कोरडी करा, पट्टी लावल्यावर तळहाताने चार-पाच मिनिटं दाबून धरा. कातडी जळजळली की हात खोबरेल तेलाकडे जातो. तो आवरा, कारण तेलावर पट्टी चिकटतच नाही. प्लास्टिक आणि पोट यांच्यात सुती कापडाची घडी ठेवली की घाम टिपला जातो. नेहमी तीन-चार दिवस टिकणारी पट्टी मे महिन्यात दोनच दिवस टिकली तर त्यात तुमची चूक नाही, तेवढा साठा जास्त ठेवा. उन्हात तापणाऱ्या गाडीत तो ठेवू नका.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर जातं. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. इथे घरोघर शहाळं पाजलं जातं, प्रेमाने आणि चुकीचं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण मीठ म्हणजे सोडियम फार कमी. नुसतं पाणी किंवा शहाळं पीत राहिलं की आतडं शरीरातलं मीठ आत ओढून घेतं आणि पिशवी आणखी भरते. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच मिसळायचं, जास्त पाण्यात नाही. मीठ घातलेली मऊ पेज आणि केळं मळ घट्ट करतात. पहिले दोन महिने फणसाचे गरे, ओलं खोबरं, काजू, मक्याचं कणीस, अळंबी आणि शेवग्याच्या शेंगा टाळा, कारण त्यांचा चोथा स्टोमाच्या तोंडाशी अडकतो. चार-सहा तास पिशवी कोरडी, पोटात कळा आणि उलटी, असं झालं तर ते अडकलेलं आहे. कोलनच्या स्टोमाला एवढी बंधनं नाहीत. वासाची लाज वाटत असेल तर सुकी मासळी, अंडी आणि लसूण बेताने.

दुर्बीण, रोबोट की उघडं ऑपरेशन?

कॅन्सर बरा होण्याच्या दृष्टीने फरक जवळपास नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ८७२ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत तीन वर्षांनी कॅन्सर परत आलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के आणि उघड्या ऑपरेशनमध्ये १८ टक्के होतं, म्हणजे सारखंच. दुर्बिणीचा फायदा वेगळा: दुखणं कमी, जखम पिकण्याचं प्रमाण कमी, एक-दोन दिवस आधी घरी. चार-पाच छोटी भोकं आणि काढलेलं आतडं बाहेर घ्यायला पाच-सहा सेंटिमीटरचा एक छेद. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटली असेल, आतडं फुटलं असेल किंवा पोट खूप फुगलं असेल, तर उघडं ऑपरेशनच बरं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडलं तर त्याला अपयश समजू नका. अडचण दिसल्यावर न उघडणाऱ्या सर्जनची भीती जास्त बाळगावी.

रोबोट म्हणजे सर्जनच हात चालवतो, फक्त यंत्रातून. अरुंद जागेत, रेक्टमसाठी, त्याची सोय होते. कोलनमध्ये रोबोटमुळे आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. त्यासाठी जमीन विकू नये. यंत्र कुठलं यापेक्षा विचारा, ही ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?

चाकू लागला की पसरतो?

हा समज आला कुठून ते कळतं. पूर्वी पोट उघडेपर्यंत आजार पुढे गेलेला असायचा, सर्जन तसंच शिवून टाकायचे आणि माणूस काही महिन्यांत जायचा. दोष चाकूवर आला. पेशी सांडू नयेत याची काळजी ऑपरेशनमध्ये घेतलेलीच असते: गाठ कमीत कमी हाताळायची, आणि आतडं बाहेर घेताना जखमेला प्लास्टिकचं संरक्षण लावायचं. पसरायची वाट ऑपरेशनविनाही उघडीच असते. आतड्यातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जातं, म्हणून कॅन्सरचा पुढचा मुक्काम बहुधा यकृत असतो. आणि यकृतात गेला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. डाग मोजके असतील तर तो भागही कापतात, कारण उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. कधी आधी केमोथेरपी देऊन मग ऑपरेशन करतात. म्हणून छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन आणि सीईए ही रक्ततपासणी सुरीच्या आधी हवी. आधीचा सीईए आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार?

कुठे करायचं?

ठरवून करायचं ऑपरेशन दोन-तीन आठवडे थांबू शकतं. तेवढ्यात चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, किंवा परळचं टाटा मेमोरियल, असं कुठेही दाखवून घेता येतं. जाताना बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक सोबत घ्या, नुसत्या कागदावर भागत नाही. स्कॅनची सीडीही हवी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयातच आणि आधी मंजुरी घेऊनच. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. पैसे भरून झाल्यावर चौकशी केली की उशीर झालेला असतो. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे.

अडलेल्या आतड्याची गोष्ट वेगळी. दोन दिवस शौच नाही, वाराही सरत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताठ, उलट्या, अशा माणसाला रात्री गाडीत घालून आठ तास मुंबईला नेऊ नका. वाटेत आतडं फुटलं तर बरा होऊ शकणारा कॅन्सर बाजूला राहतो आणि जीव पू पसरल्याने जातो. जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्जन नुसता स्टोमा तयार करून अडथळा मोकळा करू शकतो. काही मोठ्या रुग्णालयांत कोलोनोस्कोपीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. गाठीचं ऑपरेशन मग दोन आठवड्यांनी, शांतपणे, हव्या त्या ठिकाणी.

ऑपरेशननंतर

पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतात, दुसऱ्या दिवशी चालवतात. हा छळ नाही. चालल्याने आतडं लवकर जागं होतं आणि पायातल्या शिरांत रक्त गोठत नाही. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन कित्येकदा चार आठवडे चालू ठेवतात, ते घरी आल्यावर आपल्या मनाने बंद करू नका. चार ते सात दिवसांत घरी. सहा आठवडे ५ किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे भरलेली कळशीसुद्धा नाही.

लिम्फ नोडमध्ये कॅन्सर निघाला, म्हणजे तिसरा टप्पा, तर केमोथेरपी लागते. ती सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी. 'अंगात ताकद येऊ दे, गणपतीनंतर बघू' असं करत चार महिने काढले तर तिचा उपयोग घटतो. नोड स्वच्छ असले तर पुष्कळांना ती लागत नाही.

पुढची दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, वर्षाला एकदा सीटी, आणि एका वर्षाने कोलोनोस्कोपी. गाठीमुळे पहिल्या वेळी कोलोनोस्कोपीची नळी पुढे गेलीच नसेल तर ही तपासणी तीन ते सहा महिन्यांतच करायची, कारण वरच्या भागात दुसरी गाठ असू शकते. आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी, मुलांनीही कोलोनोस्कोपी करून घ्यायची आहे: चाळिशीत, किंवा घरात ज्या वयात कॅन्सर निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. वडिलांना ४५व्या वर्षी निघाला असेल तर मुलाची आणि मुलीची तपासणी ३५व्या वर्षी.